इंजिनिअरिंग, तंत्रज्ञान आणि ख्रिस्ती विवेक: कोकणातल्या तरुणांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यात मी वीसेक वर्षं सिव्हिल इंजिनिअर म्हणून काम करते आहे. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बाहेर पडले की कुणी ना कुणी थांबवतं. कधी डिप्लोमाला गेलेला मुलगा, कधी त्याची आई, कधी नव्या नोकरीत अडकलेली एखादी मुलगी. प्रश्न बरेचदा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. जे शास्त्रात वाचलं, चर्चच्या शिकवणीतून समजलं आणि साइटवर पाहिलं, तेवढंच इथे आहे.

बायबलच्या काळी यंत्रं कुठे होती? आजच्या इंजिनिअरला त्यात काय सापडणार?

डिझेल इंजिन नव्हतं, पण बांधकाम होतं, जहाजं होती, जाळी होती, वजनमापं होती. निर्गमाच्या 31व्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर भेटतो. धातू, दगड आणि लाकूड घडवण्याचं कसब यावं म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं, असं तिथे म्हटलं आहे. हाताचं कसब हे देवाचं देणं आहे, हे इतक्या सरळ शब्दांत सांगितलेलं मला फार धीर देतं. प्रभू येशूच्या व्यवसायासाठी शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ निव्वळ सुतार असा नाही. लाकूड आणि दगड दोन्हींत काम करणारा बांधकाम कारागीर, असाही त्याचा अर्थ होतो.

उत्पत्ति 2:15 हे वचन मी मुलांना हमखास दाखवते. देवाने माणसाला बागेत ठेवलं ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी. मशागत म्हणजे बदल करणं, राखण म्हणजे जे आहे ते जपणं. इंजिनिअरला दोन्ही करायचं असतं, आणि त्याची सगळी ओढाताण याच दोन शब्दांत आहे.

एकच वचन लक्षात ठेवायचं असेल तर कुठलं?

बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 22:8. नवं घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा घाल, म्हणजे वरून कुणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येणार नाही, असा त्याचा आशय आहे. त्या देशात लोक धाब्यावर बसत, झोपत, धान्य वाळवत. कठडा नसेल तर पडणारा बहुतेक वेळा पाहुणा असणार किंवा शेजारचं पोर. घर माझं, पैसा माझा, तरी कठडा दुसऱ्यासाठी घालायचा. आणि कुणी पडायच्या आधी घालायचा. पडल्यावर कोणाची चूक, हा वाद तिथे नाहीच.

आमच्या किनाऱ्यावर हा कठडा काँक्रीटच्या आत असतो. सळईभोवती जो काँक्रीटचा थर असतो, त्याला कव्हर म्हणतात. चांगल्या काँक्रीटमध्ये सिमेंटमुळे इतका अल्कपणा (आम्लाच्या उलट गुण) असतो की सळईवर एक पातळ संरक्षक थर धरतो आणि ती गंजत नाही. पण खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, हळूहळू आत झिरपतं आणि सळईपर्यंत पोचलं की तो थर फोडतं. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा खातो, त्यामुळे काँक्रीट आतून फुगून तडकतं. म्हणून आयएस 456 या भारतीय मानकात किनारी हवेत उघड्या असणाऱ्या काँक्रीटला किमान 45 मिलिमीटर कव्हर आणि किमान एम30 ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) सांगितली आहे. देशावर घरातल्या स्लॅबला 20 मिलिमीटर चालतं. तिकडची सवय इकडे आणणारे खूप आहेत. समुद्राची रेती न धुता वापरणारेही आहेत, ते तर सळईला मीठ आतूनच चारतात.

प्लास्टर झालं की 20 आणि 45 सारखेच दिसतात. घरमालकाला ते कधीच कळणार नाही. इंजिनिअरच्या श्रद्धेची परीक्षा माझ्या मते तिथे होते.

वरिष्ठ म्हणतात सही कर. मी नवा आहे, नोकरी गेली तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघून मला माझंच नोकरीचं दुसरं वर्ष आठवतं.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर एका दुमजली घराचं काम होतं. गॅलरीच्या बीमची सळई बांधून झाली होती, सेंटरिंग (फळ्यांचा साचा) तयार, मिक्सर सुरू, आभाळ भरून आलेलं. मी टेप लावला तर खालच्या सळईला कव्हर ब्लॉकच, म्हणजे सळई फळीपासून उचलून धरणारे ठोकळे, नव्हते. गवंड्याने खडीचे तुकडे सारले होते, काही ठिकाणी सळई फळीला टेकलेली. मी थांबवा म्हटलं. ठेकेदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, पाऊस येतो आहे. वीस माणसांची हजेरी भरली आहे. सही करा, मी बघतो." मी सही केली. पाऊस आलाही नाही.

अकरा वर्षांनी त्याच रस्त्याने जाताना बीमखाली तपकिरी रेघ दिसली. पुढच्या पावसाळ्यात काँक्रीटचं थाळीएवढं ढलपं अंगणात पडलं. पोरं तेव्हा शाळेत होती.

मी पापनिवेदनाला गेले आणि सगळं सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "देवाकडे आलीस, बरं केलंस. घरमालकाकडे गेलीस?" गेले नव्हते. शुभवर्तमानातल्या जकातदार जक्कयाची गोष्ट आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याने नुसती क्षमा मागितली नाही, ज्याचं बुडवलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. ती गोष्ट अंगावर आली ती त्या दिवशी. मी घरमालकांकडे गेले, काय झालं होतं ते सांगितलं. सळई साफ करून, नवं काँक्रीट भरून बीम दुरुस्त केला आणि माझ्या परीने खर्चाचा भार उचलला. आजी होत्या त्या घरात. त्यांनी चहा दिला, पण बराच वेळ माझ्याशी बोलल्या नाहीत.

म्हणून नव्या मुलांना मी एवढंच सांगते. पहिली सही सर्वांत जड असते, तीच अडवा. तोंडी बोलू नका, साइटच्या नोंदवहीत तारखेसह लिहा. फोटो काढा, त्यात टेप दिसला पाहिजे. ठेकेदाराचा अपमान न करता पर्याय द्या: कव्हर ब्लॉक तासाभरात मिळतात, शेजारच्या साइटवरून मागता येतात, गरज पडली तर उद्या ओता. तरीही दाब आला तर वरच्या इंजिनिअरला लेखी कळवा. आपल्या देशात आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, तसा सगळ्या इंजिनिअरांना बांधणारा केंद्रीय परवाना कायदा नाही. त्यामुळे पाठीशी उभं राहायला फारसं कुणी नसतं, हे खरं आहे. अशा वेळी दोन-तीन विश्वासातले सहकारी लागतात. चर्चच्या तरुण मंडळातले इंजिनिअर महिन्यातून एकदा भेटून या गोष्टी बोलू लागले, तर एकेकट्याला इतकं सोसावं लागणार नाही.

आणि नोकरी गेलीच तर? जाऊ शकते. माझ्या ओळखीतल्या एकाची गेली. दुसरी मिळायला सात महिने लागले, ते महिने घरच्यांना फार कठीण गेले. देव लगेच दुसरी देतो असं खोटं आश्वासन मी कुणाला देणार नाही.

पूल पडला, धरण फुटलं, की लोक म्हणतात देवाची मर्जी. ख्रिस्ती माणसाने काय म्हणावं?

लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. मेलेले इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं प्रभूने विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. मृतांवर दोष टाकायची वाट त्याने बंद केली आणि जिवंत असलेल्यांना पश्चात्ताप करायला लावलं. इंजिनिअरच्या पश्चात्तापाला तपासणी म्हणतात, असं मी समजते.

2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची भेंदवाडी पाण्याखाली गेली. त्या धरणाला गळती आहे, हे गावकरी आधीपासून सांगत होते. नंतर तर खेकड्यांनी धरण पोखरलं, असंही कारण पुढे आलं. मातीच्या धरणात प्राणी बिळं करतात, पाणी त्या वाटेने माती धुऊन नेऊ शकतं. म्हणूनच नियमित पाहणी आणि डागडुजी ठरवलेली असते. खेकडा नोंदवही भरत नाही.

यहेज्केल 13 मध्ये एक चित्र आहे: कच्ची भिंत उभारायची, वरून चुना फासायचा, आणि मुसळधार पाऊस आला की ती पडायची. कोकणात राहून हे वचन वाचणाऱ्याला त्यावर वेगळं भाष्य लागत नाही. मे महिन्यात तडे बुजवून रंग देणाऱ्या प्रत्येक कामावर मला ते आठवतं.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा पडला, तेव्हा उभारून वर्षही झालं नव्हतं. मालवणात त्या दिवशी जात-धर्म न बघता माणसं रडली. खाऱ्या हवेत लोखंड, नट-बोल्ट आणि वेल्डिंग यांची काळजी किती घ्यावी लागते, हे इथल्या होडीवाल्यालाही ठाऊक असतं. त्याला विचारायला कुणी गेलं असतं, तर त्याने सांगितलं असतं.

अणुऊर्जा, रिफायनरी अशा मोठ्या प्रकल्पांबद्दल चर्चचं मत काय?

कुठला प्रकल्प हवा आणि कुठला नको, याची यादी चर्चकडे नाही. शांततेसाठीच्या अणुऊर्जेला कॅथलिक चर्चने पाप म्हटलेलं नाही. 1957 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था सुरू झाली, तेव्हा व्हॅटिकन तिचं संस्थापक सदस्य होतं. अण्वस्त्रांबद्दल मात्र पोप फ्रान्सिस यांनी नोव्हेंबर 2019 मध्ये हिरोशिमात स्पष्ट सांगितलं की ती वापरणं अनैतिक आहे आणि बाळगणंही.

प्रकल्पांकडे कसं बघायचं हे पोप फ्रान्सिस यांच्या 2015 च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात सापडतं. त्याचा पाचवा अध्याय पर्यावरण परिणाम अहवालाबद्दल बोलतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोपच्या पत्रात असा विषय! अहवाल प्रकल्प ठरल्यावर नव्हे तर आधी व्हावा, तो कुणाच्या दबावाखाली नसावा, आणि चर्चेच्या टेबलावर स्थानिक लोकांना खास जागा असावी, असं तिथे म्हटलं आहे. आता हे घेऊन राजापूर तालुक्यात या. जैतापूरला सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत; मूळ आराखडा प्रत्येकी 1650, एकूण 9900 मेगावॉटचा होता. बारसूच्या सड्यावर रिफायनरीचा वाद पेटला, आणि त्याच परिसरात हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. वीज कुणाला लागते, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याचा मासळीवर परिणाम कुणी सोसायचा, आंबा-काजूच्या बागायतदाराला अहवाल मराठीत वाचायला मिळाला का, हे सगळे ख्रिस्ती प्रश्न आहेत. उत्तरं दोन प्रामाणिक माणसांची वेगळी येऊ शकतात. माझ्या घरातच वेगळी आहेत.

उत्तर कोकणात, वसईत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हिरव्या वसईसाठी दिलेला लढा आठवा. पाणी, शेती आणि बागायत वाचवायला ते रस्त्यावर उतरले. त्यात सगळ्या धर्मांची माणसं होती. पुढे तेच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. भाषा, माती आणि श्रद्धा त्यांनी कधी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली नाही.

उत्पत्तीतल्या, आकाशाला भिडवायला निघालेल्या बाबेलच्या बुरुजावरून मोठं बांधणंच पाप, असा अर्थ काही जण काढतात. मला तो पटत नाही. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच आहे आणि त्याच्यावरून गाडी जाते तेव्हा मला देवाचे आभारच मानावेसे वाटतात. बाबेलच्या लोकांचा उद्देश तिथे लिहिलेला आहे: आपलं नाव व्हावं. रेल्वे मुंबईतल्या चाकरमान्याला गणपतीला आणि नाताळला घरी आणते.

धूप थांबवायला समुद्रात दगडी बंधारा घातला तर त्यात नीतीचा प्रश्न कुठे येतो?

लाटा किनाऱ्याला तिरक्या येतात आणि रेती एका दिशेने पुढे वाहून नेतात. एका वाडीपुढे बंधारा घातला की तिथली रेती वाचते, पण पुढच्या वाडीकडे जाणारी रेती कमी होते आणि धूप बंधाऱ्याच्या टोकाला सुरू होते. देवबागसारख्या, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या चिंचोळ्या पट्टीत राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. "माझा शेजारी कोण?" असं शास्त्र्याने प्रभूला विचारलं होतं. किनाऱ्यावर त्याचं एक उत्तर असं, की रेती ज्याच्याकडे वाहत जाते तो. बंधारा घालूच नये असं मी म्हणत नाही. घर बुडत असताना तसं म्हणणं क्रूर आहे. पण नकाशा पुढच्या वाडीपर्यंत काढावा, आणि त्या लोकांना बैठकीला बोलवावं.

एलईडी लावून मासे पकडणं पाप आहे का? शेवटी तेही तंत्रज्ञानच.

माझे आजोबा रापणकर होते, तेव्हा मी तटस्थ आहे असं समजू नका.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते अर्धगोल सोडत जाते, मग दोन्ही टोकांचे दोर धरून माणसं ओढतात. आलेल्या मासळीचे वाटे पडतात, ओढायला हात लावलेल्या म्हाताऱ्यालाही काहीतरी मिळतं. मत्तय 13:47 मधल्या दृष्टांतात स्वर्गाच्या राज्याला ज्या जाळ्याची उपमा दिली आहे, त्याचा ग्रीक शब्द अशाच ओढजाळ्याचा आहे. किनाऱ्याला ओढतात, मग बसून चांगले मासे भांड्यांत गोळा करतात. तारकर्लीच्या पुळणीवर सकाळी उभं राहिलं की दृष्टांत डोळ्यांपुढे घडतो.

एलईडी मासेमारीत बोटीवर जनरेटर असतो. रात्री प्रखर दिवे पाण्यावर किंवा पाण्याखाली लावतात. उजेडाकडे लहान जीव येतात, त्यांच्यामागे मासे, त्यांत पिल्लंही. मग पर्ससीनचं जाळं भोवती टाकून तळाची दोरी बटव्यासारखी आवळतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2017 मध्ये अशा उजेडाच्या मासेमारीवर बंदी घातली. पर्ससीनवर राज्याने 2016 मध्येच निर्बंध आणले होते. तरी रात्री क्षितिजावर उजेड दिसतो.

दिव्यात पाप नाही. देवगडच्या दीपगृहातही दिवाच आहे. पण ज्या साधनाने एका रात्रीत शंभर घरांचा वाटा एका बोटीत जातो आणि पुढच्या वर्षाची पिल्लंही उरत नाहीत, ते साधन शेजाऱ्याच्या ताटातलं उचलतं. त्याच वेळी हेही सांगते की त्या बोटींवरचे खलाशी बहुतेक गरीबच असतात, कर्जाने बांधलेले. दोष त्यांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

अमेरिकेतल्या आमिश ख्रिस्ती मंडळींना आपण यंत्रविरोधी समजतो. प्रत्यक्षात नवं साधन आलं की याने आपल्या मंडळीचं, घरांचं, शेजाराचं काय होईल, हे ते आधी एकत्र बसून ठरवतात. कित्येकांनी टेलिफोन घरात न घेता शेताच्या कडेला खोपटात ठेवला. आपण आमिश होण्याची गरज नाही. पण रापणसंघाच्या बैठकीत हा प्रश्न याच क्रमाने विचारला जायचा, असं आजोबा सांगत.

मजुरांच्या बाबतीत ठेकेदार जबाबदार. इंजिनिअरचा काय संबंध?

यिर्मया 22:13 वाचा. अन्यायाने घर बांधणारा आणि शेजाऱ्याला मजुरी न देता राबवणारा, त्याची धडगत नाही असं संदेष्टा म्हणतो. तिथेही शब्द शेजारी हाच आहे. पोप लिओ तेरावे यांनी 1891 मध्ये कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, तिथून चर्चची ही शिकवण सलग आली आहे. आमच्या चिरेखाणींवर आणि साइटवर कर्नाटकातून, उत्तरेतून आलेली कुटुंबं राबतात. जांभ्याची लाल धूळ मुलांच्या पापण्यांवर बसलेली असते. हेल्मेट, पट्टा, प्यायचं पाणी, बायकांसाठी संडास हे अंदाजपत्रकात इंजिनिअरच लिहितो किंवा लिहीत नाही.

एआयबद्दल काय?

2024 च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस जी-7 परिषदेत या विषयावर बोलले. जानेवारी 2025 मध्ये व्हॅटिकनने त्यावर सविस्तर टिपण काढलं. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी लिओ हे नाव घेण्यामागे 1891 चं ते परिपत्रक आणि आजची ही नवी औद्योगिक क्रांती, हे कारण सांगितलं. साइटपुरतं माझं मत साधं आहे. सॉफ्टवेअरने बीमचा हिशोब काढून दिला तरी सही माणसाची असते, आणि पापनिवेदनाला संगणक जाऊ शकत नाही.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांत या विषयावर फरक आहे का?

भाषेचा थोडा आहे. कॅथलिक परिपत्रकांचा आधार घेतात, प्रोटेस्टंट बंधुभगिनी वचनाकडे आणि प्रत्येकाच्या पाचारणाकडे. साइटवर मला फरक जाणवलेला नाही.

काम सुरू करण्याआधी प्रार्थना करावी का?

जरूर. जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरने 1759 मध्ये एडिस्टन खडकावर दीपगृह पुरं केलं, तेव्हा आत 127व्या स्तोत्राची ओळ कोरली: परमेश्वर घर बांधत नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. पण त्याआधी त्याने पाण्याखाली घट्ट होणारा चुना मिळावा म्हणून ठिकठिकाणच्या चुनखडीचे प्रयोग करून पाहिले होते.

आम्ही पाया ओतण्याआधी नारळ फोडतो, कारण गवंडी बहुतेक हिंदू, आणि मी शेजारी उभी राहून मनात 'आमच्या स्वर्गातील बापा' म्हणते. मग टेप काढते. माझ्याबरोबरचा मिस्त्री आता मला विचारायच्या आधीच 45चे कव्हर ब्लॉक बादलीत भिजत घालून ठेवतो. परवा त्याने एका नव्या पोराला सळईखाली खडी सारताना पकडलं आणि म्हणाला, "काढ ती. मॅडम वाकून बघतात."